सरदारचं सातवं गुणसूत्र

आमची सूनबाई डुकरांच्या गुणसूत्रांचा नकाशा बनवते. लग्न ठरलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. आम्ही जन्मभर डुकरं पाळणारे, निदान सून तरी दुसऱ्या विषयावर बोलणारी मिळावी! आता मात्र ती प्रयोगशाळेतून आली की मीच विचारते, कुठवर आला गं नकाशा? कुठला गुण कुठल्या गुणसूत्रावर, नेमका कुठे बसलाय, हे ती शोधते. एकोणीस जोड्या, आणि एकेका ठिपक्यासाठी महिनोन्महिने डोळे फोडायचे. मला तिचं भारी कौतुक वाटतं. तोंडावर सांगत नाही, डोक्यावर बसेल.

यांचा सगळा जीव सरदारवर. सरदार आमचा नर, दिसायला रुबाबदार, पण त्याच्यापासून गाभण राहिलेल्या माद्यांना पिल्लं निम्मीच व्हायची. "माद्याच कुचकामी," म्हणत यांनी चांगल्या चांगल्या माद्या विकून टाकल्या. असलं बोलणं मला नवं नव्हतं. आमच्या एकुलत्या मुलाच्या आधी आणि नंतरही माझी मुलं पोटातच गेली. दोष माझा, हे सासूबाईंपासून यांच्यापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं. इतकं ऐकलं की पुढे पुढे मलाही ते खरं वाटू लागलं.

नकाशासाठी सूनबाईला धडधाकट नराचं रक्त हवं होतं. यांनी छाती फुगवून सरदारचं दिलं.

मग एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. हे तिथेच चहा घेत बसले होते. "बाबा, जरा बघता?"

पडद्यावर निळसर काड्या विखुरलेल्या, म्हणजे सरदारची गुणसूत्रं. सातव्या जोडीला तिने हिरवा रंग दिला होता. त्यातली एक काडी अख्खी हिरवी, दुसरीचं टोक मात्र निळंच. आणि हिरवा तुकडा भलत्याच गुणसूत्राला जाऊन चिकटलेला.

"आजारी आहे का तो?" हे घाबरले.

"छे! दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदललेत. हरवलं काहीच नाही, म्हणून तो ठणठणीत आहे. पण पिल्लांना त्याच्याकडून अर्धाच वाटा जातो ना. काहींच्या वाट्याला एक तुकडा कमी येतो, दुसरा जास्त. ती पोटातच दगावतात."

"म्हणजे माद्या..."

"माद्यांचा काही संबंध नाही, बाबा."

तिने आवाज चढवला नाही, की साखरपेरणी केली नाही. यांना असं तोंडावर सांगायची आमच्या घरात कुणाची हिंमत नव्हती. मला वाटलं, आता लॅपटॉपची धडगत नाही.

हे पुढे वाकून त्या हिरव्या तुकड्यावरून बोट फिरवू लागले. मग हळूच म्हणाले, "माणसांत होतं असं?"

मी भांडी विसळायची थांबले.

"होतं," सूनबाई म्हणाली. "बाईत असेल, पुरुषात असेल. किंवा कारण वेगळंच असेल. रक्त तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण मुलाने तिला सगळं सांगितलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी ओले हात पदराला पुसले. "माझं घे रक्त. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"तिचं राहू दे," हे म्हणाले आणि शर्टाची बाही वर सारू लागले. "जन्मभर तिलाच तपासत आलो आपण. माझं घे."

"बाबा, आमच्याकडे फक्त डुकरांचं तपासतात."

"मग जिथे माणसांचं तपासतात तिथे ने. उद्याच ने."

मला रडू आलं. कांदा चिरत नव्हते, म्हणून सबबही सांगता आली नाही.