दोनशे वाक्यं

माझ्या धंद्यात निम्मी कॉम्प्युटर-दुरुस्ती फोनवरच होते आणि ती मी तुसडेपणाने करतो. "स्क्रीनवर काहीतरी आलंय हो," असं लोक म्हणतात. काय आलंय ते वाचायचे कष्ट घेत नाहीत. शिंपीकाका त्यांतले नव्हते. त्यांनी चौकटीतला शब्दन् शब्द मला वाचून दाखवला. व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे, प्रोग्रॅम बंद होईल. त्यांचा आवाज घोगरा झाला होता आणि मधेच अडकत होता.

"आणि सुरू व्हायलाही वीस मिनिटं लागतात रे," ते म्हणाले. "तेवढ्यात मी एक बाही शिवून मोकळा होतो."

"ओके दाबा आणि सोडून द्या, काका. मशीन म्हातारं झालंय. रविवारी येतो मी."

"नक्की ये बाबा. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे."

कसलं ऑपरेशन ते मला माहीत होतं. घशात गाठ होती, स्वरयंत्रच काढून टाकणार होते. त्यानंतर काकांना बोलता येणार नव्हतं. दुसऱ्या कुणाचं पाटी-पेन्सिलीवर भागलं असतं, पण काकूंना दिसत नाही. लग्नानंतर चारेक वर्षांत त्यांची नजर गेली. तेव्हापासून त्या दोघांचा संसार बोलण्यावर चालला होता. दोरा कुठल्या रंगाचा आहे ते काका सांगायचे आणि काकू बोटांनी चाचपत गुंड्या लावायच्या. दिवसभर त्यांची बडबड सुरू असायची आणि गिऱ्हाईक मधे तोंड घालायलाही जागा शोधत बसायचं.

दवाखान्यातल्या बाईंनी काकांना एक प्रोग्रॅम दिला होता. आवाज आहे तोवर दोनशे वाक्यं म्हणून ठेवायची, मग एकेका बटणावर एकेक वाक्य बसवायचं. वाक्यं काकांनी वहीत लिहून काढली होती. चहा गरम आहे, डावीकडून धर. पुढे पायरी आहे. हा दोरा काळा नाही, निळा आहे. झोपलीस का? पन्नास वाक्यं सलग झाल्याशिवाय काही जतन होत नव्हतं, आणि तिसाव्या-पस्तिसाव्या वाक्याला ती चौकट येऊन सगळं मिटत होतं. मग पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा पहिल्यापासून. घसा दिवसातून एकदाच काय ती साथ द्यायचा.

रविवारी मी गेलो नाही. एका ऑफिसची सहा मशीनं अंगावर येऊन पडली होती. मंगळवारी काकांचा पुन्हा फोन आला. तेव्हा त्यांचं अर्धं बोलणं नुसता श्वास होता.

"आज एकदा म्हणता येईल असं वाटतंय," ते म्हणाले. "पुढचं सांगता येत नाही."

"उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच," मी म्हणालो.

बुधवारी पोचेपर्यंत दुपार झाली. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सकाळीच दाखल झाले. मी बॅग उचलली आणि पुढच्या कामाला गेलो. वाईट वाटलं, पण जेवण चुकलं नाही.

तीन आठवड्यांनी काकूंनी फोन केला. ऑपरेशन नीट झालं होतं, काका घरी आले होते. "मशीन तेवढं बघून जा," त्या म्हणाल्या. पूर्वी का आला नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटर कापड बेतायच्या टेबलावरच असतो. काका बाजूला खुर्चीत बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर पाटी. मला बघून त्यांनी हात वर केला. काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. घर इतकं गप्प होतं की मला माझी बॅग उघडायचाही संकोच वाटला.

सुरू व्हायला खरंच वीस मिनिटं लागली. उघडताक्षणी तीन प्रोग्रॅम एकमेकांना ढकलत वर आले. मशीनचा वेग वाढवायचे म्हणून जे प्रोग्रॅम मिळतात, त्यांतले ते तीन. मी ते ओळखले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनवर तेच तीन मी टाकतो. मग आत शिरून व्हर्च्युअल मेमरीचं पान उघडलं.

कॉम्प्युटरला हातातलं काम ठेवायला जागा पुरेना झाली की तो थोडं काम डिस्कवर उतरवून ठेवतो. टेबल भरलं की शिंपी कापड बाजूच्या स्टुलावर ठेवतो ना, तसंच. इथे ते स्टूलच काढून टाकलेलं होतं. व्हर्च्युअल मेमरी बंद. ती आपोआप बंद होत नाही, कुणीतरी हाताने करावी लागते. मशीनच्या डब्यावर माझा फोन नंबर असलेलं लेबल चिकटवलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच युक्तीने डिस्कवर जागा मोकळी करून दिली म्हणून मीच इथे फुशारकी मारली होती आणि काकांनी नवा शर्ट शिवून माझ्या अंगावर घातला होता.

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. एका चौकोनात खूण केली, माझे तिन्ही प्रोग्रॅम काढले आणि मशीन बंद करून पुन्हा लावलं. चाळीस सेकंदांत उघडलं. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वाक्यं सापडली का रे?" काकूंनी विचारलं.

वाक्यं नव्हती. प्रोग्रॅम मिटताना शेवटचे चार-पाच सेकंद तेवढे तो एका फोल्डरमध्ये टाकत होता. असे अकरा तुकडे होते. मी पहिला लावला आणि खोलीत काकांचा आवाज आला.

"गेलं परत. थांब, पुन्हा सुरू करतो."

दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. अकराही तुकड्यांत एकदासुद्धा वैतागलेले नव्हते ते. काकूंनी सगळे ऐकले.

"एखाद्या तयार आवाजाचा प्रोग्रॅम टाकून देऊ का?" मी म्हणालो. "काका टाइप करतील ते बोलेल."

"परक्या माणसाचा आवाज मला घरात नको," त्या म्हणाल्या. "हेच बसव एका बटणावर. मोठ्या."

मी ते कीबोर्डवरच्या सगळ्यात लांब, पट्टीसारख्या बटणावर बसवलं. काकू चाचपत चहा टाकायला आत गेल्या. मी काकांच्या जवळ सरकलो आणि हळू आवाजात सांगून टाकलं. मशीन म्हातारं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मीच ते बिघडवलं होतं. पहिल्या फोनला आलो असतो तर चार मिनिटांच्या दुरुस्तीने तुमची दोनशेच्या दोनशे वाक्यं झाली असती.

काकांनी पेन्सिल उचलली. त्यांचा हात सावकाश चालत होता. मग त्यांनी पाटी माझ्याकडे फिरवली.

*तिला सांगू नको. ती तुला दारात उभं करणार नाही. मग हे बिघडलं की कुणाला बोलवायचं?*

काकू कप घेऊन दारात आल्या. "पेन्सिल वाजली मगाशी. काय म्हणतायत?"

काका माझ्याकडे बघत होते. मी पाटीवर नजर ठेवली आणि वाचल्यासारखं केलं. "म्हणतायत, मशीन आता एकदम छान चालतंय. खूप आभार."

काकू जागच्या जागी थांबल्या.

"हे त्यांचं बोलणं नाही," त्या म्हणाल्या. मग काकांच्या खुर्चीकडे तोंड वळवलं. "तुम्ही सांगा. काय लिहिलं होतं?"

काकांनी पाटी पुसली. हात पुढे करून त्यांनी ते लांब बटण दाबलं.

"गेलं परत. थांब, पुन्हा सुरू करतो."

काकू कप धरून थांबून राहिल्या.