परसातली फातर

विहिरीवरचा रहाट कुरकुरला आणि मी विमलला थोपटायचं सोडून मागच्या दारी धावले. वाटलं, वाडीतली शेवंती आली. पण मामंजी होते. पोफळींना पाणी काढत होते. माझ्याकडे बघून त्यांनी घसा खाकरला. आमचं त्या दिवसाचं बोलणं तेवढंच.

माझं माहेर इन्सुलीकडचं. लग्न होऊन इथे समुद्राकाठी आले, विमल झाली आणि हे मुंबईला नोकरीवर परत गेले. सासूबाई आधीच वारल्या होत्या. तेव्हा मला माणसांत ठेवलं ते परसातल्या फातरीने. काळा, गुळगुळीत, लांबरुंद दगड. वाडीत बाकी सगळा खरखरीत जांभा, म्हणून दुपारी बायका धुणं घेऊन आमच्याकडेच यायच्या. ताजा बांगडा कसा ओळखायचा, तान्ह्या पोराचं पोट कशाने दुखतं, कोणाची सासू काल काय म्हणाली, सगळं मला तिथेच कळलं.

मालवणच्या इतिहास मंडळाचे हरिश्चंद्र मास्तर जुन्या वस्तू शोधत गावोगावी फिरत. एकदा आमच्याकडे पाणी प्यायला थांबले आणि फातरीच्या कडेला काहीतरी कोरलेलं त्यांना दिसलं. माणसं बोलावून त्यांनी ती उलटवली. खालच्या अंगाला एक होडी, आणि होडीत ढाल-तलवार घेतलेला माणूस.

"वीरगळ!" मास्तर तिथेच गुडघ्यांवर बसले. "समुद्रावरच्या लढाईत पडलेला वीर हा."

"गो बाये!" शेजारच्या आनंदीबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि आमी इतकी वर्सां ह्येच्या पाठीर लुगडी आपटलव!"

"पालथो पडलो म्हणान बरा," शेवंती म्हणाली. "उताणो आसतो तर लाजान मेलो आसतो."

मास्तरसुद्धा हसले. मामंजींनी मान डोलावली आणि बैलगाडी फातर घेऊन गेली.

मी त्या जागी जांभ्याचा चिरा मांडला. शेवंतीने त्यावर लुगडं घासलं, तर धागेच निघाले. "ह्येच्यार धुलंय तर घोवाक दर म्हयन्याक लुगडा धाडूचा लागात गो," म्हणाली आणि पिळे उचलून व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गेली. मागोमाग सगळ्याच गेल्या. "तूय ये गो," आनंदीबाई कुंपणावरून म्हणाल्या. पण घरात विहीर असताना सून व्हाळावर जायची नाही, असं मामंजींनी ओटीवरूनच, माझ्याकडे न बघता सांगितलं.

विमलला देवीची लस टोचायला मालवणला न्यायचं निमित्त झालं, तेव्हा मी मंडळाच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते एसटीत घोकून ठेवलं होतं. फातर भिंतीला टेकून उभी होती. तिला उभी मी कधी पाहिली नव्हती, परकी वाटली. खाली चिठ्ठीवर देणारे म्हणून मामंजींचं नाव होतं.

"बघा वहिनी, तुमच्या घराचं नाव लागलं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, हा दगड परत मिळेल का?"

"कशाला?"

"धुणं धुवायला."

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "धुण्याला दगड काय, व्हाळात हवे तेवढे. एखादा आणवून घ्या."

आणवताही आला असता. पण बायका आता व्हाळाला रुळल्या होत्या. दगड आणून त्या थोड्याच येणार?

"बरं, एक सांगा," त्यांनी टाक दौतीत बुडवला. "या दगडाबद्दल बायका काही बोलायच्या? एखादी जुनी गोष्ट? लिहून घेतो."

त्यांचा चेहरा अगदी आशेने भरला होता. मी आठवून पाहिलं.

"दगडाबद्दल नाही कोणी काही बोलायचं," मी म्हटलं.

त्यांनी टाक ठेवला. विमल दगडासमोर उकिडवी बसून होडीतल्या माणसावरून बोट फिरवत होती.

"आये, ह्यो हंय एकटोच रवता?"

"होय गो."

"मगे ह्येच्याशी कोण बोलता?"