दिवसाचा पहिला श्वास

दवाखान्यात तिला सगळे फुंकरबाई म्हणायचे. दिवसभर तिचं एकच काम, पेशंटला नळीत फुंकायला लावायचं आणि पडद्यावरचा आकडा लिहायचा. आकडा मोठा म्हणजे श्वासनळ्यांना आतून सूज, मग पेशंट स्वतःला कितीही ठणठणीत म्हणवून घेवो. यंत्र नीट आहे ना, हे बघायला रोज पहिला श्वास तिचा, निरोगी माणसाचा. सहा वर्षं तिचा आकडा चौदा.

एकदाच घात झाला. दम्याची धाकटी बहीण घाईघाईत आली, म्हणून फुंकरबाईने स्वतः फुंकायच्या आधीच तिला बसवलं. ब्याऐंशी! "हॅट्, यंत्र अजून तपासलं कुठंय? खोटा असणार," म्हणत तिने आकडा पुसून टाकला.

"मला कुठे काय होतंय?" बहीण हसली आणि गेली. मग फुंकरबाईने फुंकलं तर चौदा, म्हणजे यंत्र खरं होतं. संध्याकाळी फोन करू म्हणाली, तो राहूनच गेला. चौथ्या दिवशी बहीण दम लागून गेली. तिची लेक तेव्हापासून मावशीकडेच.

वर्षभराने एका सकाळी फुंकरबाईचा स्वतःचा आकडा आला ब्याऐंशी. नळी बदलली, तरी ब्याऐंशी. दुरुस्तीवाल्याने फुंकलं, त्याचे अकरा. "बाई, यंत्राला काही धाड भरलेली नाही!" डॉक्टरांनी तिची छाती तपासली, स्वच्छ. आठ दिवस तेच. आणि फुंकताना कुणीतरी मागे उभं राहून बरोबरीने श्वास सोडतंय, असं मानेला गार लागायचं.

नवव्या दिवशी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाचीला तिने शाळेतून तशीच उचलून आणली.

"मावशी, मला कुठे काय होतंय?" पोरगी हसली, अगदी आईसारखी.

पोरीने फुंकलं. ब्याऐंशी.

या वेळी तिने यंत्राला बोल लावला नाही. हाताला धरून पोरीला डॉक्टरांपुढे उभं केलं. औषध त्याच दिवशी सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आकडा चौदा. मानेला गार लागलं नाही. तिने घाईने नवी नळी लावली, पुन्हा फुंकलं. चौदाच.

"अगं, थांब ना गं जरा," ती रिकाम्या खोलीत म्हणाली. बाहेर पेशंट ताटकळले होते, आणि तिला रडू आवरेना.