मागायला येणारी माणसं

मी हॉटेलात चादरी बदलायचे आणि माझा नवरा आपेनिसा गवताचा घागरा घालून गोऱ्यांपुढे नाचायचा. त्या कमाईवर आम्ही गाव सोडून आमच्या फिजी बेटावरच्या नांदी शहरात घर केलं. पत्र्याचं का होईना, पण आपलं. फ्रीज आला, पोरांच्या पायात बूट आले, आणि मागोमाग गावाकडचे नातेवाईक आले.

आमच्यात नातलगाने 'केरेकेरे' म्हणून काही मागितलं की नाही म्हणायची सोय नाही. साखर गेली, माशांचे डबे गेले, एकदा तर गरम इस्त्री गेली! मी द्यायचे, पण शिव्या घालून. मावसबहीण माकेरेता सारखी यायची. तिला तर मी तोंडावर म्हणाले, "दुसरं घर दिसत नाही का गं तुला? माझ्याच बोकांडी का बसतेस?" ती परत आली नाही.

मग ती मेली करोनाची साथ आली. विमानं बंद, हॉटेलही बंद. आपेनिसाचा घागरा उंदरांनी कुरतडला. फ्रीज विकला, आणि मी रोज कच्ची पपई उकडायला लागले. नातलग एकही फिरकेना. म्हटलं, ब्याद टळली. पण दार वाजेनासं झालं, तसं मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

"माकेरेताकडे जा ना," आपेनिसा म्हणाला. "तिच्या मळ्यात कसाव्याचे कंद आहेत."

"तू जा. नाहीतरी कंबर हलवायला बरी येते तुला."

"बहीण तुझी आहे. पोरं उपाशी झोपली, सेरू."

"मेले तरी जाणार नाही!"

सकाळी गेलेच. बसला पैसे नव्हते, चालत गेले. माकेरेता मळ्यात कसावा उपटत होती. मी बांधावर उभी. पाऊसपाण्याचं बोलले, तिच्या डुकरिणीची चौकशी केली, पण तो शब्द काही तोंडातून फुटेना. माझ्या पायांवरची धूळ तिने पाहिली. कसाव्याचं पोतं भरलं आणि माझ्यापुढे आणून आदळलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "सेरू, केरेकेरे. तुझ्या केसांतला कंगवा दे ना गं मला."

तिच्या स्वतःच्या केसांत दोन कंगवे खोचलेले होते.

"घे मेले! तुझी हाव काही सुटत नाही," मी म्हणाले. कंगवा काढून तिच्या हातात दिला आणि तिच्याच गळ्यात पडून ढसाढसा रडले.