नांगरटीतलं पाऊल

संघप्रियाचा यंत्रमानव पुण्याच्या प्रयोगशाळेत फरशीवर झकास चालायचा. नांगरलेल्या रानात मात्र चार पावलांत तोंडघशी पडायचा. देशात असल्या कामाला कुणी हात घालत नव्हतं, तेव्हा तिनं ते सुरू केलं. त्यावर पोरं शिकवली, प्राध्यापक झाली. पण अकरा वर्षं झाली तरी पडणं थांबेना. आता तिचे विद्यार्थीच दबकत म्हणू लागले होते, "मॅडम, पाय काढून चाकं लावूया."

वैतागून ती चार दिवस गावाकडं, वाशीला माहेरी आली. वडील व्यंकट पोस्टातून निवृत्त झालेले. लहानपणी बैलगाडीखाली सापडून त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. त्याच पायानं त्यांनी चौतीस वर्षं वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलं.

सकाळी ते ढेकळांतून बांधाकडं निघाले आणि संघप्रिया हातातला चहा विसरून बघतच राहिली. आखूड पाय ते आधी नुसता टेकवत, ढेकूळ फुटतंय का ते अजमावत, मगच अंगाचा भार टाकत. तिचं यंत्र पाऊल टेकलं की सगळा भार टाकून मोकळं व्हायचं!

"बाबा, पायाला सेन्सरचे पट्टे बांधून तुमचं चालणं मोजू का?"

व्यंकटांचा चेहरा उतरला. "लंगड्याचं चालणं कशाला मोजतीस? शाळंत पोरं माझी नक्कल करायची. आता पुण्यात बी हसतील."

"हसायला न्हाय बाबा, शिकायला. मला जमंना, म्हणून इचारते."

त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. मग विजार गुडघ्यापर्यंत वर ओढून म्हणाले, "आवळून बांध. न्हायतर ढेकळात सुटतील."

आठ महिन्यांनी ती यंत्र आणि विद्यार्थी घेऊन आली. त्याच रानात यंत्र उतरलं. पाऊल टेकवत, थांबत, मग भार टाकत थेट बांधापर्यंत गेलं. पडलं नाही. पोरांनी आरोळी ठोकली. चालताना यंत्र डावीकडं किंचित झुकत होतं. व्यंकटांनी लेकीला हळूच जवळ बोलावलं.

"त्याचा गुडघा ठणकत न्हाय ना गं?"

"न्हाय, बाबा. त्याला दुखणंच न्हाय."

"मग लई बरं हाय."

इतक्या वर्षांत आपला गुडघा ठणकतो हे त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. संघप्रिया बांधावर त्यांच्याशेजारी बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि दाबू लागली.

"अगं, तुझी पोरं बघत्यात," व्यंकट म्हणाले. पण पाय त्यांनी काढून घेतला नाही.