आगीच्या दिवशी जमिनीवर पसरलेला नकाशा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मी एक जुना नकाशा आहे, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. कागदाच्या जातीला पाणी, वाळवी आणि आग यांचं भय जन्मापासूनच असतं. छापखान्यात माझ्या कडा कापायला पातं खाली आलं, तेव्हाच माझी पाचावर धारण बसली होती.

माझ्या अंगावर अख्खा देश आहे. उत्तरेला बर्फाचे डोंगर, पश्चिमेला वाळवंट, पूर्वेला दलदल, दक्षिणेला लांबच लांब किनारा आणि मधे गवताळ पठार. प्रत्येक प्रदेशात एखाददुसरं राष्ट्रीय उद्यान हिरव्या रंगात दाखवलं आहे. देश केवढा थोरला, आणि हे हिरवे ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! पठारावरच्या उद्यानाच्या कचेरीत मला टांगलं. तिथला तलाव, रस्ते आणि जाळरेषा माझ्या खालच्या कोपऱ्यात मोठ्या करून काढल्या होत्या. जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी.

पाहुणे यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे. त्यांना माझी ओळख करून द्यायची ती वनरक्षक बाई. तिचा नवरा जीप चालवायचा. तो इतक्या हळू आवाजात बोलायचा, की सगळे त्याला थट्टेने भोंगा म्हणायचे. त्याची आई कचेरीमागच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी रांधायची. सासू-सुनेचं भांडण रोजचंच, पण जेवताना दोघी एकमेकींची वाट पाहायच्या.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी भोंगा पाहुण्यांच्या एका कुटुंबाला घेऊन पश्चिमेच्या तलावाकडे गेला. दुपारी खिडकीतून पश्चिमेला धूर दिसला. आधी बारीक रेघ होती, मग वारा फिरला आणि बघता बघता अर्धं आभाळ काळवंडलं. हरणांचे कळप कचेरीच्या अंगणातून धावत गेले. त्यांनी माणसांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पाहून माझा थरकाप उडाला.

बाईने वायरलेसवरून नवऱ्याला हाका मारल्या. नुसती खरखर. उद्यानाचे साहेब शहरात बैठकीला गेले होते. फोनवर त्यांनी विचारलं, वणवा जाळरेषेपर्यंत यायला किती अवकाश आहे? ती म्हणाली, फार नाही, आणि या वाऱ्यात तो रेषा ओलांडणार. मग समोरून आग लावा, ते म्हणाले, रेषा आणि वणवा यांच्या मधलं गवत आधीच जाळून टाका, नाहीतर पूर्वेचं जंगल हातचं जाईल.

तिने मला भिंतीवरून ओढलंच. चार वनमजूर, ती आणि सासू असे सगळे मशाली आणि ओली पोती घेऊन जाळरेषेवर धावले. तिथे मला जमिनीवर पसरून माझ्या कोपऱ्यांवर दगड ठेवले. कोणी कुठून पेटवायचं ते ती बोटाने दाखवू लागली. ते बोट माझ्या अंगावरून भराभर सरकत होतं. मग ते तलावाच्या रस्त्यावर येऊन थांबलं. रस्ता नेमका त्या मधल्या गवतातूनच येत होता. भोंगा जीप घेऊन त्या रस्त्याला लागला असेल, तर पुढेही आग आणि मागेही आग.

सासूला नकाशा वाचता येत नव्हता, पण सुनेचा चेहरा वाचता येत होता. तिने सुनेचं मनगट धरलं.

"माझा मुलगा आहे तिकडे."

"माझा नवरा आहे, आई."

वणव्याचा आवाज आता डोंगर कोसळल्यासारखा येत होता. एक ठिणगी उडत आली आणि माझ्या दक्षिण किनाऱ्यावर पडली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. किनारा काळा पडला, मग तिथे भोक पडलं. सासूने ते पाहिलं. तिने सुनेचा हात सोडला, ओलं पोतं माझ्यावर आपटलं आणि म्हणाली, "लाव. ठिणग्या मी बघते."

बाईने मशाल गवताला लावली. मजुरांनी दोन्ही अंगांना पेटवत नेलं. दोन आगी समोरासमोर आल्या, एकमेकींवर तुटून पडल्या, आणि जाळायला काही उरलं नाही तशा खाली बसल्या. जंगल वाचलं. पण कोणी हुश्श म्हटलं नाही. सगळे धुराकडे पाहत उभे राहिले. सासू पुटपुटत होती, आणि मी ओला, जळका, दोघींच्या पायांशी पडलो होतो. तेवढी भीती मला आगीचीही वाटली नव्हती.

ऊन कलल्यावर राखेतून माणसं चालत येताना दिसली. सगळ्यांत पुढे भोंगा, कडेवर पाहुण्यांची लहान मुलगी, तोंड काळं, कपडे ओले. वणवा पाहताच त्याने जीप सोडून सगळ्यांना तलावात गळाभर पाण्यात उभं केलं होतं. वायरलेस पाण्यातच गेला.

तो बायकोला म्हणाला, "समोरून धूर उठलेला दिसला. म्हटलं, ही काही घाबरलेली नाही."

"घाबरले होते," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली, थेट माझ्यावर. सासूही शेजारी टेकली. मी चुरगळलो, पण हूं की चूं केलं नाही.

वणवा कशाने लागला ते पुढे कळलं. सहलीला आलेल्या कोणीतरी न विझवलेलं विडीचं थोटूक रस्त्याकडेला टाकलं होतं. पठाराचं निम्मं गवत गेलं, आणि पिल्लं किती गेली ते कोणी मोजू शकलं नाही.

आता कचेरीत चकचकीत पडदा आला आहे. बोट लावलं की त्यावर डोंगर मोठे होतात. मी कपाटामागे गुंडाळून पडलो आहे आणि वाळवी मला शोधत असणार. तक्रार नाही, माझ्यासारखे शंभर नकाशे उद्या छापता येतील. पण मित्रांनो, उन्हाळा आला की गवत वाळल्याचा वास कपाटामागेही येतो आणि मला झोप लागत नाही. तेव्हा तुम्ही कुठल्याही रानात जाल, तर निघण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. काही धुमसत राहिलं असेल, तर विझवा आणि मगच गाडीत बसा. तिकडे आत कोणाचा तरी भोंगा गेलेला असतो.