लायसन चालू झालं का?

बाजाराच्या दिवशी सकाळचा चहा होतो न होतो तोच शालूच्या जुन्या नंबरावर फोन यायचा. पलीकडं मेंढरांचा कालवा, आणि त्यातून वाट काढत एक म्हातारा आवाज विचारायचा, "ताई, तुमचं लायसन चालू झालं का?"

नाही म्हटलं की "बरं बरं, होऊ द्या" म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा. नाव विचारलं तर तोवर फोन कटलेला.

शालू चक्रावून जायची. घरं-प्लॉट विकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. गिऱ्हाईक भाव विचारतं, पाणी विचारतं, शेजारी कोण राहतं हे तर आल्याबरोबर विचारतं. पण एजंटाचं लायसन विचारणारा माणूस तिनं आख्ख्या शहरात पाहिला नव्हता. कोण असेल हा? आणि मेंढरांत बसून ह्याला माझ्या लायसनचं काय पडलंय?

लायसन बंद पडलं त्याची गोष्ट लांब नाही. सासू सारजाबाई लकव्यानं अंथरुणाला खिळली. घरात नवरा होता, दीर होता, दोघं धडधाकट होते. तरी शालूनं थोडे दिवस घरी बसावं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या सगळ्यांत शालू नव्हती. थोड्या दिवसांची वर्षं झाली, एजंटाला लागणाऱ्या महारेराच्या सरकारी नोंदणीची मुदत मधेच कधीतरी संपली, आणि बीड बायपासवरच्या ऑफिसच्या पाटीवरून तिचं नाव खरवडून दीर शिवराजनं आपलं रंगवून घेतलं. म्हातारीचं हागणं-मुतणं काढणाऱ्या सुनेला पाहुणेरावळे लक्ष्मी म्हणून गेले. लक्ष्मीचं लायसन संपतंय, ते भरून टाका, एवढं मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सारजाबाई गेली. तेरावं उरकल्यावर शालू ऑफिसात गेली आणि शिवराजच्या ड्रॉवरमधलं आपलं जुनं सिमकार्ड उचलून आणलं. तेव्हापासून हे फोन.

शिवराजनं तिला समजावलं की आता नियम बदललेत. नोंदणी पुन्हा हवी तर आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, मग कागद. एवढी उठाठेव कशाला? वहिनीनं गिऱ्हाईक फिरवावं, सही तो करेल, नोंदणी नंबर त्याचा चालेल. लई लोक असंच करतात, हेही त्यानं सांगितलं, आणि ते खरंच होतं. फोनवाल्या म्हाताऱ्याचं ऐकून तो म्हणाला, "वहिनी, हा तक्रारवाला आहे. तुम्हाला पकडायला बसलाय." मग उगाच हसला.

शालूला ते पटत नव्हतं आणि डोक्यातून जातही नव्हतं. एकदा तर ती शिवराजच्या नंबरावर एका कुटुंबाला साईट दाखवायला निघाली होती. पर्स खांद्याला, चावी हातात. तेवढ्यात फोन वाजला. "चालू झालं का ताई?" तिनं पर्स उतरवली आणि पायरीवर बसली. खात्याचा माणूस मेंढरं पाळेल का? तक्रार करणारा "होऊ द्या" म्हणेल का? त्याला ते व्हायला हवंय, हे त्याच्या आवाजात कळत होतं. जगात एका माणसाला तिचं लायसन चालू व्हायला हवं होतं, आणि तो घरातला नव्हता.

त्याच दिवशी तिनं ट्रेनिंगला नाव घातलं.

कपडे वाळत घालताना कानात लेक्चर, भाजी फोडणीला टाकताना कार्पेट एरिया. नवरा दोन वेळा म्हणाला की भाकरी करपली. तिनं दोन्ही वेळा तीच वाढली. चिकलठाण्याच्या सेंटरवर परीक्षा देऊन आली, पास झाली, आणि काही आठवड्यांनी नवा नोंदणी नंबर मोबाईलवर आला. शिवराज म्हणाला, अभिनंदन. पण टेबल ऑफिसात फुकट अडवून ठेवता येणार नाही. दिवाळीपर्यंत एक तरी सौदा झाला तर वहिनीचं टेबल राहील, नाहीतर तिथं दुसरा माणूस बसेल.

पुढच्या बाजारच्या दिवशी शालू पहिल्यांदाच त्या फोनची वाट बघत बसली.

"झालं चालू," ती म्हणाली.

पलीकडं म्हातारा दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाला, "दिपाले, झालं गं." आणि फोनमध्ये एक तरणा, कडक बाईचा आवाज आला, "पत्ता सांगा."

दुपारी दोघं ऑफिसात हजर. म्हातारा सोनाजी पाचोडकडचा, धोतर आणि पायात नातवाचे स्पोर्ट शूज. सोबत सून दिपाली, शेंद्र्याच्या कंपनीतली रात्रपाळी उरकून तशीच बाजारात गेलेली, गळ्यात अजून ओळखपत्र. सोनाजी शालूकडं बघून ओळखीचं हसला. शालूला काही केल्या आठवेना. दिपाली उभीच राहिली.

"तुम्हाला याद नाय ना? मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुमच्यापायी आम्ही चार वर्षं मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोलीत ऱ्हातोय."

मग सगळं बाहेर आलं. सारजाबाई पडायच्या थोडं आधी शालूनं सोनाजीला शहराला लागून असलेल्या सातारा गावात, खंडोबाच्या देवळामागं, एक घर दाखवलं होतं. म्हाताऱ्याला ते आवडलं. उतरताना तो तिला देवळात घेऊन गेला, देवासमोर भंडारा उचलला, काहीतरी पुटपुटला आणि पिवळं बोट तिच्या कपाळाला लावलं. शालूनं प्रसाद म्हणून डोकं वाकवलं आणि स्कूटी चालू करून निघून गेली. देवासमोर पुटपुटणारी माणसं तिनं रोज पाहिली होती.

सोनाजीनं शपथ घेतली होती. घर घेईन तर ह्या बाईच्या हातूनच.

आयुष्यभर लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली त्यानं, सगळा व्यवहार तोंडी. शब्द दिलेल्या रानात मेंढरं नेली नाहीत असं कधी झालं नाही, मग भंडारा उचलून दिलेला शब्द तर विचारूच नका. पुढं ऑफिसात फोन केला तेव्हा शिवराजनं सांगितलं, बाईचं लायसन बंद पडलंय, माझ्याकडून घ्या. म्हाताऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवलं की बंद पडलंय, म्हणजे चालू होईल. मुलानं दुसऱ्या एजंटांकडून घरं आणली, दिपालीनं आणली. हा प्रत्येक घराच्या दारातून माघारी फिरला. साताऱ्यातलं ते घर कधीच विकून गेलं होतं.

कोडं सुटलं होतं, आणि सुटल्यावर जास्तच जड झालं होतं.

शिवराजनं सगळं ऐकलं होतं. त्यानं तिला आतल्या खोलीत बोलावलं. त्याचे डोळे चमकत होते. बिडकीन रोडला त्याच्याकडं फ्लॅट अडकून पडले होते, उन्हाळ्यात टँकरही पोचत नाही असे.

"बांधलेलं गिऱ्हाईक आहे, वहिनी. नाही म्हणूच शकत नाय. तिथला द्या एक, आणि टेबल तुमचं."

खोटं कशाला बोला, शालूच्या मनात क्षणभर ते आलं. पहिला सौदा, स्वतःच्या नव्या नंबरावर. फसवायचंही नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं; म्हातारा स्वतःच मान डोलावणार होता. मग तिला ते 'थोडे दिवस' आठवले. तिलाही असंच बांधलं होतं, आणि तीही मान डोलावत गेली होती.

बाहेर येऊन तिनं दिपालीला विचारलं की ही शपथ सुटते कशी.

"ज्याच्या नावानं उचलला, त्यानंच देवापुढं खाली ठेवायचा," दिपाली म्हणाली. "आमच्यात असंच आहे. पण कोण ठेवतंय? धंदा हातचा जातो."

तिघं रिक्षानं साताऱ्याला गेले. शालूनं चिमूटभर भंडारा घेतला, खंडोबाच्या पायाशी ठेवला आणि मोठ्यानं, पुजाऱ्यालाही ऐकू जाईल असं म्हणाली, "सोनाजीबाबांना मी मोकळं केलं. घर कुणाकडूनही घ्यावं." सोनाजीनं डोळे मिटले. मग पायरीवर जाऊन बसला आणि त्यानं बूट काढून पाय चोळले, लांबून चालत आल्यासारखे.

दिपाली शालूकडं बघत राहिली. तिच्या ओळखीत दुसरे एजंट होते, आणि आता वाट मोकळी होती. शालूला ते दिसत होतं. टेबल गेलं, हेही दिसत होतं.

"मला दोन खोल्या पाहिजेत. पाणी रोजचं. कंपनीची बस जिथं थांबते तिथून चालत," दिपाली अखेर म्हणाली. "मी भंडारा-बिंडारा उचलणार नाय. आवडलं तर घेईन, नाय तर दुसऱ्याकडं जाईन. आणि आधी तुमचा तो नंबर दाखवा. चालू हाय का बघते."

शालूनं मोबाईल तिच्या हातात दिला. दिपाली एकेक आकडा आपल्या फोनवर टाकत होती, आणि सोनाजी पायरीवरून विचारत होता, "दावतोय का गं?"